‘आभा’चा नंबर मिळाला, पण नोंद कोण ठेवणार?

तुमच्या घरात आता एकूण किती नंबर झाले, ते एकदा मोजून बघा. आधारचा बारा आकडी, रेशनकार्डाचा, पीएम किसानचा, कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून राज्य सरकारने सक्तीचा केलेला शेतकरी ओळख क्रमांक, आणि आता आरोग्याचा चौदा आकडी ‘आभा’. या पानावर एरवी खते, बियाणे, फवारणी असेच विषय असतात. कृषी खात्यातला माणूस आरोग्यावर कशाला लिहितो, असे कोणी म्हणेल. पण बांधावर गेलो की हल्ली औषधाच्या प्रमाणाआधी हाच प्रश्न येतो, ‘साहेब, हे आभा काढायचं का? नाही काढलं तर दवाखान्यात घेणार नाहीत का?’ शिवाय कागदावरची नोंद संगणकावर गेली की काय होते, ते आपण सातबाऱ्याच्या बाबतीत चांगलेच अनुभवलेले आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘आभा’ आणि ‘आयुष्मान कार्ड’ ही एक वस्तू नव्हे. आयुष्मान कार्ड हे २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे. त्यावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. आपल्या राज्यात १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही दीड लाखावरून ५ लाखांवर नेले आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू केले. ‘आभा’वर मात्र एक रुपयाही मिळत नाही. ते तुमच्या आजारपणाच्या कागदांचे खाते आहे, बँकेच्या खात्यासारखे. खाते उघडले म्हणून त्यात पैसे येत नाहीत, तसेच आभा काढले म्हणून त्यात तुमचे रिपोर्ट आपोआप येत नाहीत. दवाखान्याने ते जोडावे लागतात. आणि आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

या खात्याचा इतिहास फार जुना नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात संगणकीय आरोग्य व्यवस्थेची कल्पना मांडली गेली, २०१९ मध्ये तिचा आराखडा झाला, १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग जाहीर झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ म्हणून ते देशभर लागू झाले. व्यक्तीचा क्रमांक, डॉक्टरांची नोंदवही आणि दवाखान्यांची नोंदवही हे त्याचे तीन खांब. कागद दिल्लीत एका जागी गोळा करायचे नाहीत. ते ज्या त्या दवाखान्यात राहतील आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतील, अशी रचना आहे. कागदावर ही रचना उत्तम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पण आकडे बघा. २०२५ च्या सुरुवातीला देशात सत्तर कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले होते आणि त्यांना जोडलेल्या नोंदी होत्या पन्नास कोटींच्या आत. एकाच माणसाच्या दहा-दहा नोंदी असू शकतात, हे ध्यानात घ्या. म्हणजे कोट्यवधी खाती उघडून रिकामी पडली आहेत. आपल्याकडे ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि विहिरीत पाणीच नाही, अशी जी गत होते तीच ही. उद्दिष्ट ‘इतके क्रमांक काढा’ असे दिले की खालचा कर्मचारी क्रमांकच काढणार, त्यात त्याचा काय दोष?

आधी विहीर, मग नळी

देशांनी या कामाची आखणी कशी करावी, याची एक मार्गदर्शिका जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१२ मध्ये काढली. तिच्यात सात गोष्टी सांगितल्या आहेत. नेतृत्व, पैसा, प्रत्यक्ष सेवा, वीज-इंटरनेटसारख्या सोयी, सगळ्यांची नोंद एकाच पद्धतीने व्हावी यासाठी मानके, कायदा आणि सगळ्यात शेवटी माणसे. ‘शेवटी’ हा माझा शब्द नव्हे, यादीतच माणसे शेवटी आहेत. गावपातळीवर मात्र ती पहिली हवीत, कारण बाकीचे सगळे त्यांच्याच डोक्यावर येऊन पडते.

त्याच वर्षी युगांडा या आफ्रिकेतल्या देशात एक मजेशीर गोष्ट घडली. तिथे इतक्या परदेशी संस्था इतकी मोबाइल आरोग्य अ‍ॅपे घेऊन आल्या होत्या, की जानेवारी २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने फर्मान काढले : आमची मंजुरी मिळेपर्यंत हे सगळे प्रयोग थांबवा. प्रत्येकाचा प्रयोग वेगळा, प्रत्येकाची नोंदवही वेगळी, एकाची माहिती दुसऱ्याला वाचता येत नाही, आणि पैसा संपला की प्रयोगही संपला. आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखेच की. खात्याचे बियाणे आहे तोवर प्लॉट, पुढच्या हंगामात तिथे गवत. याच्या उलट दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर जी साधी आरोग्य माहिती प्रणाली सुरू झाली, ती नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाने पुढे वाढवली आणि फुकट दिली. आज ती सत्तरहून अधिक देशांत चालते, आपल्या देशातल्या काही राज्यांनीही ती वापरली. ती चालली याचे कारण माझ्या मते एवढेच, की तिच्यात जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या कामाचा आकडा स्वतः बघता येतो. फक्त वर पाठवायची माहिती कोणी मनापासून भरत नाही. पीक पाहणीचे रजिस्टर कसे भरले जायचे, ते तुम्हाला मी काय सांगू!

चांगले उदाहरण बघायला आफ्रिकेत जायची गरज नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. आधी गावातल्या माणसांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले, दवाखाना उभारला, विश्वास मिळवला. त्यानंतर २००२ पासून तिथे शिरूर व हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघरी जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची पद्धतशीर नोंद ठेवली जाऊ लागली. एक लाखाहून अधिक लोकांची ही नोंद पुढे संगणकावर गेली आणि अभ्यासकांना त्याचा उपयोग झाला. क्रम बघितलात ना? आधी सेवा, मग वही, मग संगणक. आपण आता संगणकापासून सुरुवात करतो आहोत.

पाण्याची गोष्ट

आता पुण्याच्याच वेशीवरची अलीकडची घटना. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात हातापायांतले बळ जाणारा ‘गुइलेन-बारे’ आजार अचानक वाढला. रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, संशयित धरून मृत्यू दहाच्या वर गेले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरो विषाणू सापडला, आणि बोट पाण्याकडे गेले. नांदेडच्या विहिरीत धरणाचे पाणी येत होते आणि ते केवळ क्लोरीन टाकून दिले जात होते. आसपासच्या पोल्ट्रीतूनही नमुने घेतले गेले, म्हणजे विषय आपल्या धंद्यापर्यंत आलाच.

ही सगळी गावे आधी ग्रामपंचायतीची, मग २०१७ आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने पुणे महापालिकेत गेलेली. त्यांच्या पाण्याच्या तपासणीची जुनी वही कोणाकडे, नवी कोणाकडे? आजाराची पहिली चाहूल लागली ती खाजगी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना, एकसारखे रुग्ण दिसू लागले म्हणून. एप्रिल २०२१ पासून देशात साथरोगांच्या नोंदीसाठी नवी संगणक प्रणाली आहे, तरीही. प्रणाली वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्यात खाजगी दवाखान्याची माहिती वेळेवर पडत नसेल आणि पाण्याची वही तिला जोडलेली नसेल, तर ती अर्ध्याच शेताला पाणी देते. पुण्यासारख्या शहरात, जिथे देशातली विषाणू संस्था आहे, संगणक बनवणारी ‘सी-डॅक’ आहे, तिथली ही कथा. मग वेल्हे-मुळशीच्या वाडीचे काय बोलायचे?

आपल्या खात्याशी थेट जोडलेले दुसरे उदाहरण २०१७ चे यवतमाळचे. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. विषबाधा नेमक्या कोणत्या गटातल्या औषधाने झाली, यावर डॉक्टरांचा उतारा ठरतो. पण रुग्ण बेशुद्ध, डबा शेतात, आणि मजुराला कोणती दोन औषधे एकत्र करून दिली ते मालकालाच नीट ठाऊक नाही. कृषी केंद्राचे बिल एका खात्यात आणि रुग्णाचा केसपेपर दुसऱ्या खात्यात. या दोन नोंदी जिथे भेटतील अशी जागा तेव्हा नव्हती. आरोग्याच्या संगणकीकरणाच्या आखणीत शेतीचा हा कप्पा असायला हवा, असे मला फार वाटते. तोवर एक करा : फवारणीच्या आजारी माणसाला नेताना डब्याचे लेबल, नाही तर लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो बरोबर न्या.

हे सगळे भरणार कोण? आशाताई. राज्यात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत. त्यांना कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात, पण गरोदर बाईची नोंद, लसीकरण, सर्वेक्षण, आयुष्मान कार्ड, आभा सगळे त्यांच्याच मोबाइलवर. ऑनलाइन कामाचा बोजा आणि मानधन या मागण्यांसाठी २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी आंदोलने केली, मार्च २०२४ मध्ये सरकारने मानधनात महिना ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. पण वेळेचा प्रश्न तसाच आहे. एकच माहिती आधी वहीत आणि मग अ‍ॅपमध्ये भरायची, म्हणजे एकाच शेताची दोनदा खुरपणी. मजुरी मात्र एकदाच.

वही लगेच टाकून द्या असेही माझे म्हणणे नाही. जुलै २०२२ मध्ये देयकांच्या वादातून राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली बंद पडली आणि डॉक्टरांना पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले. कंत्राटदार गेला की नोंदी कोणाच्या, हा मुद्दा करारातच मिटवलेला असावा लागतो. सातबाऱ्यात एक अक्षर चुकले तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, दारे माहीत आहेत. तुमच्या आरोग्याच्या खात्यात दुसऱ्याच माणसाचा रक्तगट पडला तर अर्ज कुठे द्यायचा, हे गावात किती जणांना सांगता येईल?

संमतीचेही तसेच. २०२१ मध्ये कोरोनाची लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांना कळायच्या आत तयार झाला होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. तोवर शिबिरात ओटीपी सांगण्याआधी ‘हा कशाचा?’ एवढे विचारायला लाजू नका. ओटीपी देणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखे आहे. माहेरी गेलेल्या सुनेचा, ऊसतोडीला गेलेल्या गड्याचा क्रमांक दुसऱ्याच्या मोबाइलला जोडू नका, नाही तर त्यांचे कागद बघण्यासाठी त्यांना जन्मभर त्याच्याच दारात जावे लागेल.

असे असूनही मी आभा काढा असेच सांगेन, विशेषतः साखर, रक्तदाब, क्षयरोग यांचे औषध चालू असलेल्यांनी आणि तोडणीच्या हंगामात जिल्हा बदलणाऱ्यांनी. कागदाची पिशवी पावसात भिजते, फडात हरवते. नव्या गावच्या डॉक्टरला मागचे औषध दिसले तर जीव वाचू शकतो. फक्त क्रमांक काढून थांबू नका. पुढच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात की रिपोर्ट त्याला जोडून मागा.

आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो (आता तुमचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, तरी गाव तुम्हाला ग्रामसेवकच म्हणणार), थोडे काम तुमच्याकडे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी असतो. तो कशावर खर्च झाला ते बघा. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात उपकेंद्राची वीज आणि इंटरनेट घाला. बिल थकले म्हणून तोडलेल्या जोडणीवर कसली डिजिटल व्यवस्था चालणार? येत्या ग्रामसभेला वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा आणि विचारा, आपल्या गावातल्या किती आभा खात्यांत एक तरी रिपोर्ट जोडलेला आहे. त्याच बैठकीत टीसीएल पावडर टाकल्याची आणि पाण्याच्या नमुन्यांची वही टेबलावर मागवा, आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ती मोठ्याने वाचून दाखवा.