पुरात रोमिंग हद्दीवरच का अडते?



पावसाळा तोंडावर आला की सरकारी यंत्रणेचा एक दिलासा ठरलेला असतो : आता पुराचा इशारा थेट मोबाइलवर येतो. खरे आहे. २०२३ मध्ये चाचण्या झाल्या तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आणि कित्येकांनी घाबरून ते बंदच करून टाकले होते. पण हा इशारा टॉवरवरून येतो, आणि पुरात आधी टॉवरच जातो. तो पाण्याने पडतो असे नाही. वीज जाते, बॅटरी काही तासांत उतरते, आणि जनरेटरचे डिझेल घेऊन निघालेली गाडी नाल्याच्या अलीकडे उभी राहते. मुंबईत २६ जुलै २००५ ला फोन मुके झाले, चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला तेच. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. रस्ते आणि फोन दोन्ही बंद. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

यावर दूरसंचार विभागाकडे एक चांगला उपाय आहे. आपत्तीच्या काळात तो कंपन्यांना ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू करायला सांगतो. म्हणजे तुमचे सिम कोणत्याही कंपनीचे असो, जो टॉवर जिवंत असेल तो तुमचा. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी गुजरातेत हे केले गेले. माझी तक्रार या उपायातल्या ‘इंट्रा सर्कल’, म्हणजे एकाच दूरसंचार परिमंडळाच्या आत, या दोन शब्दांशी आहे.

आमचे तापीकाठचे बुऱ्हाणपूर मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कलमध्ये आहे. शेजारचे रावेर आणि मुक्ताईनगर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. शहापूर-इच्छापूरकडच्या माणसाची केळी रावेरच्या बाजारात, सोयरीक जळगाव जिल्ह्यात, आणि फोन बरेचदा पलीकडच्याच टॉवरवर. एरवी काही अडत नाही. पण पुरात त्याच्या कंपनीचे सगळे टॉवर बसले आणि हद्दीपलीकडे दुसऱ्या कंपनीचा टॉवर धडधाकट उभा असला, तरी तो याच्या कामाचा नाही. सवलत सर्कलपुरतीच!

कोणी म्हणेल, आपल्याच बाजूला दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल की. इथेच खरी गोम आहे. आता दोन-तीन कंपन्या एकाच टॉवरवर आपापली यंत्रे टांगतात. ती बहुधा एकाच वीजजोडणीवर चालतात, त्यामुळे जातातही एकदमच. मग कंपनी बदलण्याची मुभा मिळून उपयोग काय? जिवंत टॉवर असलाच तर तो वेगळ्या वीजवाहिनीवरचा, आणि हद्दीवरच्या गावांसाठी असा टॉवर अनेकदा दुसऱ्या राज्यातच असतो.

इशाऱ्याचेही तसेच. तो टॉवरच्या परिसरानुसार जातो. पलीकडचा टॉवर पकडलेल्या आमच्या माणसाला जळगाव जिल्ह्यासाठीचा इशारा मिळेल. बुऱ्हाणपूरच्या प्रशासनाने धाडलेला मात्र हुकेल.

गंमत अशी की पाणी मोजताना हेच सरकार हद्द मानत नाही. केंद्रीय जल आयोग आमच्याकडे देडतलाई आणि बुऱ्हाणपूरला तापीची पातळी मोजतो. हे आकडे खाली हतनूर धरणावर हवे असतात, कारण तिथल्या ४१ दरवाजांपैकी किती आणि केव्हा उघडायचे हे वरून काय येते आहे त्यावर ठरते. तेच पाणी पुढे गुजरातेतल्या उकाई धरणात जाते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली ती उकाईतून सोडलेल्या पाण्याने, आणि ते वरच्या व मधल्या खोऱ्यातलेच होते. नदीचे तीन राज्यांचे खोरे आकड्यांसाठी एक. काठावरच्या माणसाच्या फोनसाठी मात्र तुकडे.

तांत्रिक अडचण हे कारण पटणारे नाही. सर्कल ओलांडून रोमिंग आपण रोज वापरतो आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरण्याची सोय आपत्तीत होतेच. या दोन्ही एकत्र करायच्या आहेत. कायद्याचीही अडचण नाही. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम २० ने आपत्तीत दूरसंचार सेवा ताब्यात घेण्याइतके अधिकार सरकारला दिले आहेत. रोमिंगचा हुकूम त्यापुढे किरकोळ. परवाने सर्कलनिहाय आहेत हा हिशेबाचा भाग झाला, तो पूर ओसरल्यावर कंपन्यांनी आपसात मिटवावा.

आणि एवढे करूनही फोन बंद पडतीलच, म्हणून कोटवाराची मुनादी, म्हणजे गावच्या चौकीदाराची दवंडी, मोडीत काढू नये. फक्त त्याला खबर फोनवरूनच मिळणार असेल तर मुनादीही फोनइतकीच भरवशाची! नदीकाठच्या कोटवारांना पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेशी जोडून द्यावे.

पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठका दोन्हीकडच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत होतात. पुढची बैठक बुऱ्हाणपूर आणि जळगावने एकत्र घ्यावी आणि तीत कागद वाचण्याआधी एक प्रयोग करावा. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, लोकांना आधी कळवून, हद्दीवरच्या एका टॉवरची वीज तोडावी, जनरेटर लावू नये, आणि पहाटेपर्यंत कोणाचा फोन लागतो ते दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी तिथेच बसून नोंदवावे.

— एक वाचक, शनवारा, बुऱ्हाणपूर