सेऊलची एक रात्र आणि आपली पस्तीस वर्षे

दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक योल यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारला. राजकीय हालचालींना बंदी, वृत्तपत्रे लष्कराच्या ताब्यात, संसदेभोवती सैनिक. लोक थंडीत घराबाहेर पडले, काही खासदार कुंपणावरून चढून आत गेले, आणि रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या सर्व १९० खासदारांनी तो कायदा रद्द करण्याचा ठराव केला. पहाटेपर्यंत यून यांना माघार घ्यावी लागली. ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या घटना न्यायालयाने त्यांना पदावरूनच काढले.

या घटनेवर आपल्या मंडळींत बरीच चर्चा झाली, आणि दरवेळी ऐकू येते ते वाक्य त्यातही आलेच: "काही म्हणा, पोर्तुगीज काळात शिस्त होती. दारे उघडी टाकून झोपायचो." आम्ही मुक्तीच्या आगेमागे जन्मलेली पिढी. ते वाक्य आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आणि आता आमच्याच वयाची माणसे ते नातवंडांना सांगतात. म्हणून हा हिशेब एकदा मांडायला हवा.

पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ ला लष्करी उठाव झाला. त्यातून सालाझार वर आले. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यातल्या माणसाचा दर्जा पुन्हा खाली गेला. १९१० च्या प्रजासत्ताकाने पेडणे-डिचोलीच्या हिंदू प्रजेला जी थोडी मोकळीक दिली होती, तीही आक्रसली. सभेला परवानगी हवी, छापील मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा, लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटली नव्हती. सेऊलमध्ये लष्करी कायदा जाहीर तरी करावा लागला. आपल्याकडे तो रोजचा कारभारच होता. डॉ. लोहियांची मडगावची सभा १८ जून १९४६ ची. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यासारख्या साध्या नागरिकाला सैनिकी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. गुन्हा काय, तर भाषण आणि लेखन.

दारे उघडी राहत असतील, पण तोंडे बंद होती.

कोरियाची सुटका सहा तासांत झाली, आपली का नाही? धैर्य कमी होते म्हणून नव्हे. कोरियात ठराव करायला निवडून आलेली संसद होती, आणि १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने केलेल्या कत्तलीची आठवण घराघरांत ताजी होती. आपल्याकडे निर्णय लिस्बनला व्हायचे. ठराव करायला जागाच नव्हती, त्यामुळे प्रतिकार सीमेबाहेरून उभा राहिला, आणि त्या सीमेवरचे दरवाजे म्हणजे आपले दोन तालुके. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेद आफोंसो यांच्या तुकडीने पेडण्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर मिळून वीसहून अधिक माणसे गेली. १९५५ च्या अखेरीस आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. सेन्सॉरने अडवलेली बातमी अशी घाटावरून खाली येऊ लागली.

त्यानंतर सीमा बंद झाली. सावंतवाडी, बांदे, दोडामार्ग ही आपली सोयरिकीची गावे. तिथे जायलाही परवाना लागू लागला. भारत सरकारने आर्थिक निर्बंध लावले आणि मुंबईत नोकरी करणाऱ्याला घरी पैसे पाठवणे अवघड झाले. आमच्या मते या निर्बंधांचा चटका सरकारपेक्षा चाकरमान्यांच्या घरांना अधिक बसला. कारण त्याच वर्षांत डिचोलीच्या डोंगरांतले लोहखनिज बार्जेसमधून मांडवीमार्गे मुरगावला आणि तिथून जपानला जात होते. तिजोरी त्यावर चालली. हुकूमशाहीला नुसती बंदूक पुरत नाही, पैशाची एक वाट उघडी लागते. म्यानमारमध्ये २०२१ पासून सत्तेवर बसलेल्या सेनाधिकाऱ्यांना नैसर्गिक वायू आणि रत्नांच्या खाणींनी तीच वाट दिली.

आम्ही बँकेत उभा जन्म काढला, त्यामुळे एक गोष्ट विसरता येत नाही. गोव्यातल्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुकडे लोकांनी गहाण ठेवलेले दागिने १९६१ मध्ये मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला हलवले गेले. ते परत आले १९९१ मध्ये. ज्या बाईने पाटल्या ठेवल्या, तिच्या सुनेला किंवा नातीला त्या मिळाल्या असतील. तारण ठेवणाऱ्याला विचारायची रीत त्या राज्यात नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. माणसांचेही तेच. मोहन रानडे, गोव्यात मराठी शिकवणारे शिक्षक, १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा १९६१ ला मुक्त झाला, ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ ला. खुद्द पोर्तुगाल मोकळा झाला २५ एप्रिल १९७४ ला, म्हणजे आपल्यानंतर बारा वर्षांनी.

आणि कागद? त्यांचा निकाल अजून लागतो आहे. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाण सवलतींचे रूपांतर लीजमध्ये करणारा कायदा १९८७ चा. डिचोली तालुक्यातल्या मये गावाचा जमीनमालक मुक्तीनंतर पोर्तुगालला राहिला, आणि गावातली बरीचशी जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे घराचा कागद नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर घर आहे, पण तारण नाही. म्हणजे दुरुस्तीला कर्ज नाही, मुलाच्या धंद्याला नाही. मयेकरांनी अनेक वर्षे आंदोलन केले, तेव्हा २०१४ मध्ये कायदा झाला, आणि सनदा हाती पडू लागल्या त्या अगदी अलीकडे.

आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत सीमा ओलांडायचा परवाना, गहाणाची पावती, सेन्सॉरचा शिक्का असलेली पत्रिका असेल, तर ती टाकून देऊ नये. तिचा फोटो मंडळाकडे पाठवावा, आणि ती कोणाची, कोणत्या गावची, एवढे दोन ओळींत लिहावे. ज्यांना हे ठाऊक आहे, ती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.