मोनो कुणी डिलीट केला?

१९७५च्या ‘जॉज’ला ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं, आणि तो आवाज मोनो होता. एका चॅनेलचा. तरी २०००च्या डीव्हीडीवर तो ट्रॅकच नाही! फक्त ५.१ रिमिक्स, त्यातही काही आवाज नव्याने घातलेले. सराउंड आवडतो त्यांनी खुशाल ऐकावा, माझ्याकडेही साउंडबार आहे. पण मूळ आवाज का काढला? जागा नव्हती? हिशोब करा: १२४ मिनिटं, १९२ केबीपीएस, म्हणजे १८० एमबीसुद्धा नाही. दोन लेयरच्या डिस्कवर मावतात साडेआठ जीबी. ऑफिसात मी युजरला न सांगता जुनं व्हर्जन असं गायब केलं, तर दुसऱ्या दिवशी माझी हजेरी घेतली जाईल.

२००५च्या डीव्हीडीवर मोनो परत आला. मधल्या काळात ज्यांनी ‘जॉज’ पहिल्यांदा पाहिला, त्यांतल्या कितीजणांना काही बदललंय हे तरी कळलं असेल?