भाग कमी, तहान मोठी

यंत्रात भाग कमी म्हणजे यंत्र श्रेष्ठ, असे तुम्हांला वाटते का? जपानच्या माझ्दा कंपनीची ‘आरएक्स-७’ ही क्रीडामोटार पाहा. तिच्या वांकेल एंजिनात वरखाली होणारे दट्टे नाहीत, झडपा नाहीत. दोन त्रिकोणी घूर्णक फिरतात. १९७८, १९८५ आणि १९९१ अशा तिच्या तीन पिढ्या आल्या. शक्ती १३० वरून २८० अश्वशक्तीपर्यंत वाढली. ज्वलनकक्ष मात्र लांबट, चपटाच राहिला. त्याच्या कोपऱ्यांपर्यंत ज्योत नीट पोचत नाही. काही इंधन न जळताच बाहेर पडते, बरीच उष्णता भिंतींत मुरते. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमच्या मते, यंत्राला गुण द्यावेत ते वेग आणि सुटसुटीतपणा पाहून नव्हे. आधी इंधनाचा हिशेब आणि धूर तपासावा!