लाडबोरीचे कडे

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आकाशातून जळते लोळ सरकताना दिसले आणि लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. चिनी प्रक्षेपकाचे अवशेष, असा उलगडा झाला आणि विषय मिटला. वर्तमानपत्रापुरते ते ठीकच. पण साहित्याने इतक्या तत्परतेने समाधान का मानावे?

१९४७ साली अमेरिकेत केनेथ अर्नोल्डने पाहिलेल्या चकाकत्या वस्तूंपासून उडत्या तबकड्यांचे पुराण सुरू झाले. त्यात खरे किती, हा प्रश्न कथाकाराला गौण आहे. (युंगने १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, तेही आधुनिक मिथक म्हणूनच.) आपल्याकडे जयंत नारळीकरांमुळे विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली, हे ऋण मोठेच. मात्र शेवटी उलगडा झालाच पाहिजे ही शिस्तही त्याच प्रतिष्ठेबरोबर आली, असे मला वाटते. उलगडा न होणारी कथा मग नारायण धारपांच्या शेजारी, भयकथेच्या कप्प्यात. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमांच्या बाहेर.

सत्तर-ऐंशी पानांची, कुठल्याच कप्प्यात न मावणारी लघुकादंबरी छापायला प्रकाशक कचरतो. त्यात चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की त्याला वाघ किंवा नक्षलवादी हवा असतो. पण याच भागात झाडीपट्टीची रंगभूमी रात्र रात्र चालते आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात. त्या कड्यावरची एखादी विचित्र कथा झाडीबोलीत लिहवून घ्यावी, स्वस्तात छापावी आणि पुण्याच्या दुकानांआधी त्या मंडपाच्या दाराशी विकायला ठेवावी.