टर्बो कुठं गेला?

सोमवारी ऑफिसात कुणी ‘वीकेंडला काय केलंस?’ असं विचारलं, की मी बिनधास्त ‘ट्रेकिंग’ असं ठोकून देतो. खरं सांगायची सोय नाही. चाळिशीकडे झुकलेला, फ्लॅटचे हप्ते भरणारा, टीम लीड म्हणवणारा माणूस शनिवारी रात्री दीड वाजता जमिनीवर उपडा पडून वीतभर लांबीच्या इंजिनाशी भांडत असतो, हे एचआरला कळलं तर अप्रेजलचं काय होईल?

पण या वेळचं भांडण सांगायलाच हवं.

हे वेड आमच्या घरात आण्णांमुळं आलं. माझे वडील. रेल्वेत डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते, २०११ ला निवृत्त झाले. कोल्हापूर-मिरज-पुणे या लाइनवर त्यांची हयात गेली. लहानपणी ते मला पुण्याला कोथरूडमधल्या भाऊ जोशींच्या लघु रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले होते. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे अफलातून ठिकाण तुम्ही अजून पाहिलं नसेल, तर पुढच्या पुणे ट्रिपमध्ये मॉल कॅन्सल करा. तिथं मी तासभर काचेला नाक लावून उभा होतो. पगार सुरू झाल्यावर त्या तासाचं बिल फाडायला सुरुवात झाली, एवढंच.

आण्णांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांच्यासाठी आवाजाचं इंजिन आणलं. त्यांचं लाडकं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, १९६२ साली पहिली इंजिनं तिकडूनच आली आणि मग वाराणसीला बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. त्याचं चांगलं मॉडेल काही मला मिळेना. म्हणून त्याच्या अमेरिकन चुलतभावावर, अल्कोच्याच सी-६३० वर समाधान मानलं. चेहरा वेगळा, पण पोटात त्याच घराण्याचं सोळा सिलिंडरचं इंजिन. म्हणजे आवाज तोच. आणि मला आवाजच हवा होता.

आता थोडा तांत्रिक फंडा. साध्या खेळण्यातल्या गाडीत रुळातून जेवढी वीज सोडाल तेवढी मोटर पळते, विषय संपला. डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीत, रुळांवर कायम चौदा-पंधरा व्होल्ट असतात आणि हुकूम त्या विजेतूनच जातात. खासबाग मैदानात निवेदक मल्लांची नावं पुकारतो, तेव्हा कसं, ऐकतात सगळे, पण उठतो तो ज्याचं नाव घेतलं तोच. तसंच. प्रत्येक इंजिनाला नंबर. आत डिकोडर नावाची बोटाच्या पेराएवढी चकती. ती आपला नंबर आला की हुकूम पाळते, मोटर फिरवते, दिवे लावते आणि खऱ्या इंजिनाचे रेकॉर्ड केलेले आवाज साखरेच्या क्यूबएवढ्या स्पीकरमधून वाजवते.

वाढदिवसाला मी थाटात कंट्रोलर आण्णांच्या हातात दिला. इंजिन सुरू झालं. खोकलं, धडधडलं, मग ठेक्यात आलं. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. पहिला नॉच, दुसरा, चौथा. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. आण्णा म्हणाले,

“आरं, इंजिन बरं हाय. पर टर्बो कुठं हाय?”

अल्को इंजिनाची धडधड ही अर्धी ओळख. एक्झॉस्टच्या वाफाऱ्यावर फिरणारा टर्बोचार्जर नॉच वाढवला की शिट्टीसारखा चढत जातो, ती उरलेली अर्धी. मला तर ती शिट्टी ऐकू येत होती. पण तीस वर्षं इंजिनात काढलेल्या माणसासमोर मी कोण? टर्बो बिघडलाय म्हणजे बिघडलाय.

मग सुरू झालं माझं ट्रबलशूटिंग. पहिला संशयित नेहमीच रूळ. रुळावर आणि चाकांवर काळपट थर बसतो, वीज तुटकतुटक पोचते, डिकोडर क्षणभर मरतो आणि पुन्हा उठतो. मोटर तेवढ्यात जडत्वानं पुढं जाते, पण आवाज मात्र पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून अर्धे ‘डिकोडर गेला’चे किस्से एका फडक्यानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं संपतात. मी रूळ पुसले, चाकं पुसली. फडकं कोळशासारखं झालं.

“टर्बो न्हाई,” आण्णा.

मग सेटिंग. डिकोडरच्या आत सीव्ही नावाचे शेकडो आकडे असतात. माझ्याकडच्या डिकोडरात टर्बोचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. तो वाढवला. मग आणखी वाढवला. इतका की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, कुकर बघा!” कुकर गॅसवर नव्हताच.

“न्हाई,” आण्णा.

शेवटी ब्रह्मास्त्र. बऱ्याच डिकोडरांत आठ नंबरच्या सीव्हीमध्ये आठ लिहिलं की कारखान्यातून आला तसा कोरा होतो. इंजिनाचा नंबर पुन्हा तीन. तेही केलं. वर आणखी एक नाटक झालं, प्रोग्रामिंगच्या रुळावर डिकोडर उत्तरच देईना. गेला म्हणून हबकलो. नंतर कळलं की आवाजाचे डिकोडर सुरुवातीला जास्त वीज ओढतात, आणि प्रोग्रामिंगच्या रुळावर वीज मुद्दाम कमी ठेवलेली असते. बिचारा उपाशी होता, मेलेला नव्हता.

उरला स्पीकर. इंजिन पिशवीत घालून राजारामपुरीतल्या एका जुन्या टीव्ही-रेडिओवाल्याकडं गेलो. त्यानं भिंग लावलं, मीटर लावला. आठ ओहमच्या स्पीकरला मीटरवर साधारण सात येतात, तेवढे आले. स्पीकरच्या डबीच्या कडेला बारीक फट होती, ती त्यानं चिकटवली. डबी हवाबंद नसली तर पडद्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात आणि धडधड पोकळ होते. फट बुजवल्यावर आवाज असा भरला, की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

“पर भावा,” तो म्हणाला, “फट असली तर खालचा आवाज जातोय. शिट्टी न्हाई जात. शिट्टी तर हितं आधीपास्नं मस्त वाजतीया. तुला कोण म्हणालं वाजत न्हाई म्हणून?”

मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करायचं टाळलं. रंकाळ्याला उगाच एक चक्करही मारली.

रात्री मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप टाकलं आणि नॉच चढवत गेलो. खाली धडधडीचा ढीग. वर साडेतीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास एक बारीक रेघ, नॉचबरोबर वर सरकणारी. टर्बो. डिकोडरात होता, स्पीकरमध्ये होता, खोलीत होता. आण्णा समोर बसून मान हलवत होते.

इंजिनातलं सगळं तपासून झालं होतं. तपासायचे राहिले होते आण्णा.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. टीव्हीचा आवाज, ज्यावरून आमची रोज वादावादी. बायकोनं विचारलेलं, “मामा, साखर देऊ?” आणि त्यांचं उत्तर, “नको, भाकरी खाल्ली आत्ताच.” पहिलीतली लेक शाळेतलं काहीतरी सांगत असायची आणि आजोबा नुसते हसायचे. ती मला म्हणाली होती, “आजोबांना माझ्या गोष्टी आवडत नाहीत.” मी तिला ‘आजोबा दमतात’ असं सांगितलं होतं. आणि मनात, हल्ली आण्णा लक्षच देत नाहीत, असं धरून बसलो होतो. त्याचा राग पण होता मला. वर्षभर तरी.

ऑडिओमेट्रीला न्यायला तीन आठवडे लागले. “माझ्या कानाला काय धाड भरलीया?” तिथं काचेच्या खोलीत हेडफोन लावून, ऐकू आलं की बटण दाबायचं. बाहेरून मी बघत होतो. खालच्या सुरांना आण्णांचं बोट लगेच हलत होतं. मग सूर वर गेले असावेत, कारण बोट नुसतं बटणावर ठेवून ते समोर बघत बसले. बराच वेळ. परीक्षेत पुढचा प्रश्न यायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

आलेख हजार हर्ट्झपर्यंत ठीक, तिथून पुढं उतार आणि चार हजाराला खड्डा. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा ठरलेला नमुना, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मरतात, पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स, श, फ यांचे बारीक आवाज नेमके याच वरच्या पट्टीत. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. लहान मुलांचं तर आणखीच. कारणांमध्ये वयही आहेच, पण इंजिनाच्या आवाजाचा हिशोब मोठा. म्हणजे ज्या आवाजावर आण्णांनी जीव लावला, त्यानंच ती जागा खरवडली होती. ईअरप्लग? “ते लावून इंजिन कसं ऐकायचं?” आण्णांनी मॅडमनाच विचारलं.

मशीनला ते महिनाभर ‘नको’ म्हणत होते. मी समजावलं, बायकोनं समजावलं, डोक्याला शॉट झाला. शेवटी लेकीनं काय सांगितलं ते तिचं तिला माहीत, पण एका सोमवारी आण्णा स्वतःच चप्पल घालून दारात उभे राहिले.

मशीन बसवून आलो त्या संध्याकाळी ते खोलीत गेले, दार लोटून घेतलं. मी बाहेर. आतून इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं. पहिला नॉच. दुसरा. बराच वेळ दुसराच. मग एकदम वर, पार आठव्यापर्यंत, टर्बो किंचाळेपर्यंत. आणि पुन्हा खाली. पुन्हा वर.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं.

“टर्बो हाय,” आण्णा म्हणाले. “पर त्यो हॉर्न कसला लावलाईस? आन् घंटी कशापाई? आपल्या इंजिनाला घंटी कवा हुती? काढ ती.”

तर या शनिवारी पुन्हा ट्रेकिंग.