आधी तिची पोटगी, मग दंडाचा निधी

न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडून नवरा पुन्हा दारात आला, पुन्हा हात उचलला आणि गुन्हा शाबीत झाला, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची ही मर्यादा २००५ सालची आहे, आजही तीच. वसूल झालेला दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. जिने मार खाल्ला तिला किंवा तिला आसरा देणाऱ्या निवारागृहाला त्यातला रुपयाही आपोआप मिळत नाही. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पीडित महिलांच्या मदत सेवांवर खर्च करावा, असे आम्हाला वाटते. पण त्याआधी तो कोणाच्या खिशातून येतो, हे पाहिले पाहिजे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशात हिंसा सोसलेल्या महिलांपैकी जेमतेम १४ टक्के महिलांनी कुठे तरी मदत मागितली. बाकीच्यांपैकी बहुतेकींनी कोणाजवळ शब्दही काढला नाही. जी धीर करून बाहेर पडते तिला पहिल्या दोन-तीन दिवसांत वकिलापेक्षा सोबत करणारे माणूस हवे असते. दवाखान्यात जखमांची नीट नोंद करून घेणारे, ठाणे अंमलदारासमोर तिच्या शेजारी बसणारे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल भरून घेणारे, मुलांसह रात्री कुठे झोपायचे ते सांगणारे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो यासाठीच. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली, की नुसते ‘घरी जा, मिटवून घ्या’ सांगून तिला परत पाठवणे अवघड होते. पुढे हा प्रयोग राज्यभर गेला. २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आली, १८१ हा मदत क्रमांक आला. तरीही संरक्षण अधिकाऱ्याचे काम अनेक ठिकाणी आधीच कामाने वाकलेल्या कर्मचाऱ्याकडे जादा जबाबदारी म्हणून दिले जाते. कायदा लागू होऊन १८ वर्षे उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले.

म्हणून पैसा हवाच. पण मारणारा नवरा रोजंदारीवर जात असेल, तर दंडाची रक्कम त्याच घरातून जाते, मुलांच्या दुधातून, शाळेच्या फीमधून. ‘तुझ्यामुळे भरावे लागले’ हे तिलाच ऐकावे लागते आणि तिने पुढची तारीख सोडून द्यावी म्हणून सासरचे हाच मुद्दा पुढे करतात. तेव्हा क्रम ठरलेला असावा. आधी तिची थकलेली पोटगी आणि औषधोपचाराचा खर्च, मग तिची भरपाई आणि त्यानंतर जे उरेल ते निधीत. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. दंडाची रक्कम पूर्ण किंवा अंशतः पीडितेला देण्याचा अधिकार न्यायालयांना पूर्वीपासून होता, आज तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात करायलाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१३ साली बजावले होते.

दंडातून फार मोठी रक्कम उभी राहील, असेही समजू नये. कितीतरी प्रकरणे शिक्षेपर्यंत पोहोचण्याआधीच तडजोडीने मिटतात. तडजोडीनंतर गुन्हा रद्द करताना उच्च न्यायालय काही वेळा खर्चाची रक्कम भरायला लावते आणि ती एखाद्या रुग्णालयाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला देण्यास सांगते. कौटुंबिक छळाच्या प्रकरणांत ही रक्कम निवारागृहांना आणि विशेष कक्षांना मिळावी. मात्र ती नवऱ्याकडूनच घेतली जावी, मिटवून घेणाऱ्या बायकोवर त्याचा बोजा नको.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियात कौटुंबिक हिंसेच्या दोषींना प्रोबेशनवर सोडताना ठरावीक रक्कम भरावी लागते आणि तिचा काही भाग स्थानिक निवारा केंद्रांना मिळतो. संघराज्य पातळीवर १९८४ च्या कायद्याने मुख्यतः दंडाच्या पैशावर पीडितांसाठी निधी उभारला. बड्या कंपन्यांकडून दंड येत होते तोवर तो फुगला आणि २०१७ नंतर झपाट्याने आटला. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, तोवर मदत केंद्रांना काटकसर करावी लागली होती. दंड कमी झाला म्हणून मार खाणाऱ्या बाया कमी होत नाहीत.

त्यामुळे राज्य सरकारने असा निधी उभारताना नियमातच लिहावे की त्यापोटी महिला व बालविकास विभागाच्या तरतुदीतून एक रुपयाही वजा होणार नाही. समुपदेशकांचे मानधन अर्थसंकल्पातूनच आणि दर महिन्याला मिळावे. निधीचा पैसा तातडीच्या गरजांसाठी राहू द्यावा: रात्रीचे रिक्षाभाडे, पहिल्या महिन्याचे घरभाडे, मुलाचा नव्या शाळेतला प्रवेश. जिल्ह्यात किती दंड वसूल झाला आणि किती बायकांपर्यंत पोहोचला, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने जाहीर करावा. आणि २००५ मध्ये ठरलेली २० हजारांची मर्यादा वाढवण्याची मागणी राज्याने केंद्राकडे लेखी करावी.